सुतक आणि सुगावा

शिवाजी पार्कच्या आसपास रहस्याची आवड कधी ओसरली नाही. शिवाजी मंदिरात खुनाचं नाटक लागलं की मध्यंतरात चहाच्या रांगेतले अनोळखी लोकही एकमेकांना विचारतात, "तुम्हाला कुणाचा संशय येतोय?" जुन्या पुस्तकांच्या ढिगात अर्नाळकरांची पिवळी पडलेली पुस्तकं दिसली की साठी ओलांडलेले वाचक थांबतात. या सगळ्या हौसेत मला एक उणीव बरीच वर्षं खुपते आहे. आपल्या रहस्यकथेत प्रेतं भरपूर आहेत. पण ज्यांचं माणूस गेलं ती माणसं कुठे आहेत? खून पहिल्या पानावर होतो, दुसऱ्या पानावर गुप्तहेर येतो आणि रडणारी बायको किंवा सुन्न झालेला भाऊ एक जबानी देऊन कथेतून निघून जातो. घराला सुतक असतं, कथेला नसतं.

त्यातही शोकात बुडालेला माणूस परक्या मुलखात एकटाच उतरतो, तिथली भाषा त्याला येत नाही आणि आपलं माणूस कसं गेलं याचा माग त्याला स्वतःच काढायचा असतो, हा प्रकार मराठीत जवळजवळ नाहीच. जगात मात्र याची मोठी परंपरा आहे. १९४९ सालच्या 'द थर्ड मॅन'मध्ये स्वस्तातल्या काउबॉय कथा लिहिणारा एक लेखक मित्राच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाला येतो आणि थेट त्याच्या दफनाला पोचतो. त्याला जर्मन येत नाही. एक लहान मुलगा गर्दीसमोर त्याच्याकडे बोट दाखवून आरोप करतो, लोक वळून बघू लागतात आणि आपल्यावर कशाचा आळ येतोय हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. डॅफ्ने द्यू मॉरिएच्या कथेवरून १९७३ साली आलेल्या 'डोंट लुक नाऊ'मध्ये मुलगी गमावलेलं जोडपं व्हेनिसच्या गल्ल्यांत फिरतं आणि बापाला लाल कोट घातलेली छोटी आकृती दिसत राहते. ल कॅरेच्या 'द कॉन्स्टंट गार्डनर'मध्ये बायकोचा खून झालेला शांत स्वभावाचा राजनैतिक अधिकारी केनियात औषध कंपन्यांच्या चाचण्यांपर्यंत पोचतो. आपल्याकडे २०१२च्या 'कहानी'त लंडनहून आलेली गरोदर बाई दुर्गापूजेच्या कोलकात्यात हरवलेला नवरा शोधते. ती किती मोठं दुःख पोटात घेऊन आली आहे हे शेवटाला उलगडतं आणि मग आधीचा सगळा चित्रपट मनात पुन्हा पाहावा लागतो.

शोक आणि परका मुलूख एकत्र आले की रहस्य इतकं घट्ट का होतं, याचं उत्तर मला साक्षीदाराच्या स्वभावात दिसतं. ज्याचं माणूस गेलंय तो पुरावे सर्वांत चिकाटीने शोधतो आणि समोर आलेला पुरावा सर्वांत हट्टाने नाकारतोही. गर्दीत त्याला गेलेल्या माणसाची पाठ दिसते. दार वाजलं की त्याच्या काळजात चर्र होतं. आपल्या गावात असला तर शेजारी त्याला सावरतात. "अरे, तो नव्हे" असं सांगायला कुणीतरी असतं. परक्या देशात तेही नाही. हॉटेलच्या कारकुनाचं हसणं सौजन्याचं की टाळाटाळीचं, पोलिसाचं गप्प राहणं नेहमीचं की मुद्दामचं, हे त्याला कळायचा मार्ग नसतो. वाचकालाही नसतो. त्यामुळे शंका आपोआप उभी राहते. लेखकाला दर प्रकरणाच्या शेवटी बंदुकीचा बार काढावा लागत नाही.

मग हे मराठीत का घडलं नाही? सुरुवातीपासूनच आपल्या रहस्यकथेने परका देश लपवला, असं मला वाटतं. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी गेल्या शतकाच्या आरंभी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या इथल्या नावांनी, इथल्या राजवाड्यांत आणि भुयारांत. हे काम त्यांनी असं बेमालूम केलं की वाचकाला मूळ मुलखाची पुसटशी आठवणही राहिली नाही. त्यातलं कौशल्य मी मनापासून मानतो. पण परिणाम असा झाला की मराठी वाचक परदेशी गेला नाही. परदेशच धोतर नेसून त्याच्या घरी आला. परकेपणाची भीती तेवढी वाटेत गळली.

पुढे बाबूराव अर्नाळकर आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. झुंजार, धनंजय, काळा पहाड अशा नायकांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत एकेक पुस्तक हातोहात फिरे, आणि त्यांच्यामुळे वाचायची सवय लागली असं सांगणारी माणसं आजही भेटतात. हे ऋण लहान नाही. त्यांच्या कथेचा वेग हा तिचा प्राण होता आणि त्या वेगाला शोक परवडत नव्हता. गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले, गोलंदाज आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास आले, तरी वेगाचं हे गणित बदललं नाही. शिरवळकरांना माणसांच्या आतलं कळत होतं, हे 'दुनियादारी'ने सिद्ध केलं. पण ती जाण त्यांनी रहस्यकथेच्या बाहेर अधिक वापरली.

याचा दोष केवळ मराठीला देणं मात्र अन्यायाचं होईल. इंग्रजीतल्या कोड्यासारख्या रहस्यकथेनेही प्रेताकडे कोडं म्हणूनच पाहिलं. १९२६च्या एप्रिलमध्ये आगाथा ख्रिस्तीची आई गेली, त्याच वर्षी नवऱ्याने घटस्फोट मागितला आणि डिसेंबरमध्ये ती स्वतःच अकरा दिवस बेपत्ता झाली. हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. १९२८मध्ये ती एकटी ओरिएंट एक्सप्रेसने निघून बगदादला पोचली. पुढच्या कादंबऱ्यांत तिने ती गाडी वापरली, मेसोपोटेमिया वापरला. त्या वर्षांतला शोक मात्र रहस्यकथांत फारसा उघडा येऊ दिला नाही.

अस्सल मराठी प्रकरण हवं असेल तर आपल्याला १८८३ सालात जावं लागतं. पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा हा भाग आपण शाळेत दोन ओळींत उरकतो. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२च्या आरंभी पटकीने तेही गेले. पंचविशीच्या आतबाहेरची ही विधवा दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाली. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. उतरल्या त्या वाँटेज नावाच्या गावातल्या जोगिणींच्या मठात. थंडी, परकी भाषा, परका धर्म, परकं अन्न. काही महिन्यांतच आनंदीबाईंच्या मनाचा तोल गेला; आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करणार ही भीती त्यांना पोखरत होती, असं सांगितलं गेलं. मॅक्स म्युलरने आपल्या आठवणींत लिहिलं आहे की एका रात्री त्यांनी रमाबाईंचाच गळा दाबण्याचा प्रयत्न केला आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. पुढे रमाबाई म्युलरच्या घरी ऑक्सफर्डला राहायला आल्या तेव्हा त्यांना रात्री एकटं झोपवत नसे. खोलीत मोलकरीण सोबतीला झोपवावी लागे. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनाक्रमात रहस्यकादंबरीला लागणारं काय नाही? लागोपाठच्या मृत्यूंनी खचलेली प्रवासी आहे. बंद दारांचा मठ आहे. रात्रीचा हल्ला आहे आणि एक मृत्यू आहे, ज्याचं कारण प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगतो. मठाला तो मानसिक आजार वाटतो, पुण्यातल्या टीकाकारांना धर्मांतराचा दाब दिसतो. जी एकटी खरं सांगू शकली असती, तिने त्या रात्रीबद्दल जाहीरपणे फार बोलणं टाळलं. बाप्तिस्म्याचा निर्णय त्या मृत्यूच्या आधीचा मनातला की नंतरचा, हा प्रश्न तर कुठल्याही कल्पित सुगाव्याहून खोल आहे. आणि घरची भाषा बोलायला तिथे जवळचं असं उरलं होतं दोन वर्षांचं मूल. हीच रमाबाई ११ मार्च १८८९ला गिरगाव चौपाटीवर 'शारदा सदन' उघडते. शिवाजी पार्कहून टॅक्सीत बसलात तर अर्ध्या तासाच्या वाटेवरची ही जागा. चरित्रं झाली, नाटकं झाली, वाद तर आजही चालू आहेत. वाँटेजच्या त्या महिन्यांकडे रहस्यकथाकाराच्या नजरेने पाहिलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ती यावी असं मला फार वाटतं.

शोकाला रहस्याच्या मध्यभागी बसवण्याचं काम आपल्याकडे पडद्यावर आधी झालं. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४चा. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. नायक वकील. बायको त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली, अंत्यसंस्कार झालेले. काही काळाने पोलिसांनी पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि कोर्टात उभी राहून शपथेवर सांगते की मीच याची बायको. आता हा नवरा वकील म्हणून तिची उलटतपासणी घेतो. कथेची ताकद या एका प्रसंगात आहे. तो असे प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं फक्त बायकोलाच ठाऊक असतील. प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर वकील हरत जातो आणि नवऱ्याच्या आत काहीतरी पुन्हा जिवंत होतं. ती खोटी ठरली तर बायको दुसऱ्यांदा मरणार. खरी ठरली तर चितेवर कोण होतं? काशिनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावर हा पेच ज्या तऱ्हेने उमटतो, त्याला मराठीत तोड नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठी चित्रपटाचा मान याला मिळाला. तमिळमध्ये 'इदय कमलम' झाला आणि १९६६ला राज खोसलांनी 'मेरा साया' केला. हिंदीत उदयपूरचे महाल आले, गाणी घरोघरी गेली. तरी कोर्टातल्या त्या प्रश्नोत्तरांपुरता मला मराठीच अधिक झोंबतो.

'पाठलाग'मध्ये परका देश नाही असं वाटतं खरं. पण त्या माणसाला स्वतःची आठवणच परकी झालेली आहे. जिथली प्रत्येक वाट पाठ होती तिथे तो चाचपडत चालतो. परक्या मुलखाचा हा दुसरा अर्थ मराठीला अधिक मानवला, आणि इथून पुढचा आढावा त्या वाटेनेच जातो.

त्या वाटेवर सर्वांत दूर गेले जी. ए. कुलकर्णी. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, लोकांपासून अंग चोरून राहणारा, लहानपणापासून घरातले मृत्यू पाहिलेला हा लेखक १९७५च्या 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घ कथा देतो. कुठला प्रांत, कुठला काळ, काही सांगितलेलं नाही. माणूस चालतो आहे, वाटेत खुणा आहेत आणि खुणांचा अर्थ हाती लागण्याआधी किंमत मोजावी लागते. याला रहस्यकथा म्हणायला समीक्षक धजत नाहीत. मी म्हणेन. खूण, संशय, उशिरा कळणारं सत्य हे सगळं तिथे आहे. फक्त शेवटी बेड्या घालायला कुणी उरत नाही.

विलास सारंगांनी उलट नाव-गाव सांगून केलं. ते १९७०च्या दशकात इराकमध्ये बसऱ्याला विद्यापीठात शिकवत होते; 'एन्कीच्या राज्यात' ही १९८३ची कादंबरी त्या अनुभवावर उभी आहे. मुंबईचा एक माणूस पाळत ठेवणाऱ्या राजवटीत एकटा राहतो. कुणी त्याला मारत नाही, धमकावत नाही. तरी पानापानावर कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. परदेश मराठीत इतका खरा फार थोड्यांना साधला. तिथे शोकाचा धागा ठळक नाही, ही एकच गोष्ट कमी पडते. जी.एं.चा शोक आणि सारंगांचा बसरा एका पुस्तकात आले असते तर, असं अनेकदा मनात येतं.

बाकीच्यांकडे भरभर पाहू. नारायण धारपांनी भीतीचा प्रदेश समृद्ध केला. 'तुंबाड' चित्रपटामुळे नवी पिढी त्यांच्याकडे वळली हे चांगलं झालं. रत्नाकर मतकरींची गूढकथा मध्यमवर्गीय दिवाणखान्यात घडते आणि गेलेल्या माणसाची ओढ तिच्यात वारंवार येते; दुःखाची जातकुळी ओळखण्यात ते या सर्वांत सरस. नाटकात विजय केंकरे आणि नीरज शिरवईकर यांनी गेल्या काही वर्षांत रहस्यनाट्याला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला. 'अ परफेक्ट मर्डर'च्या मागे फ्रेडरिक नॉटचं 'डायल एम फॉर मर्डर' आहे, 'यू मस्ट डाय'च्या मागे ख्रिस्तीचं १९५८चं 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट'. धुक्याच्या रात्री अनोळखी घरात शिरलेला वाटसरू आणि त्याच्यासमोर प्रेत, अशी त्या मूळ नाटकाची सुरुवात. त्यात शोकाला केवढी जागा आहे, हे शेवट ठाऊक असलेल्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगू नये.

उमेश कुलकर्णींच्या 'विहीर' या चित्रपटात मावसभाऊ गेलेला पोरगा त्याला शोधायला निघतो. मेलेल्या माणसाचा शोध हे इतकं सरळ मराठीत कुणी मांडलं नव्हतं. टीव्ही मालिकांत 'रात्रीस खेळ चाले'ने २०१६ला वेगळीच दिशा धरली. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि मुंबईहून गावी येणारी मुलं, सुना, नातवंडं. सुतकाच्या दिवसांतच संशय पेरला जातो. गाव आपलंच, बोली आपलीच, तरी शहरातून आलेल्यांना काही उमगत नाही. पुढे मालिका लांबली आणि वाहवत गेली, तरी आरंभीच्या भागांत तिने नेमकी जागा पकडली होती. २०२३चा 'व्हिक्टोरिया: एक रहस्य' हा चित्रपट थेट स्कॉटलंडला गेला. तिथलं धुकं, हॉटेलची लांबच लांब दालनं छान टिपली आहेत. पण परदेश तिथे देखाव्यापलीकडे फारसा जात नाही.

मराठी माणसांचे परदेशातले मृत्यू मात्र देखाव्याच्या जागी होत नाहीत. ते आखातातल्या कामगारांच्या वसाहतींत होतात, मालवाहू जहाजांवर होतात, अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर होतात. शिवाजी पार्कच्या जुन्या इमारतींत मुलं बाहेर असलेली किती घरं आहेत ते इथल्या रहिवाशांना सांगावं लागत नाही. तिकडे कुणी गेलं की आधी कागद सुरू होतात. मृत्यूचा दाखला, तो स्थानिक भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर, नातेवाइकांचं संमतिपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, शव टिकवण्याची प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र, मृत्यू संशयास्पद असेल तर तिथल्या पोलिसांचं ना-हरकत पत्र. मग माणूस विमानाच्या मालकक्षातून येतो. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात बहुतेकदा हृदयक्रिया बंद पडल्याचं असतं, आणि त्या एका ओळीभोवती घरातले लोक वर्षानुवर्षं फिरत राहतात. उलटही होतं. इथे आई जाते, शवागारात ठेवतात, मुलगा न्यू जर्सीहून तिसऱ्या दिवशी पोचतो आणि विमानतळावरून थेट चैत्यभूमीशेजारच्या भागोजी कीर स्मशानभूमीत येतो. गेल्या वीस वर्षांतलं आईचं आयुष्य त्याला शेजाऱ्यांकडून कळतं. तिने बँकेतून एवढे पैसे कुणासाठी काढले, ही कोण बाई कोपऱ्यात उभी राहून रडते आहे? परका देश तो हाच.

खुणा वाचण्याची गोष्ट निघाली तर अलीकडची एक घटना विसरता येत नाही. २५ डिसेंबर २०१७ला पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटायला गेल्या. मध्ये काच होती. आईला मराठीत बोलू दिलं नाही. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं की आईला तशा रूपात पाहून मुलाने पहिल्यांदा विचारलं ते बाबा कसे आहेत हे. काचेपलीकडून त्याने एक खूण वाचली आणि ती खूण खोटी होती. कुणीही न मरता काही क्षण एक मृत्यू घडून गेला. ज्या कुणाला मराठीत हा प्रकार लिहायचा आहे, त्याने या प्रसंगापाशी बराच वेळ थांबावं.

आणि जहाजांकडेही बघावं. रत्नागिरी, रायगडची, मुंबईचीही पोरं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर जातात. त्यातला कुणी कधी समुद्रात बेपत्ता होतो. प्रेत नाही, साक्षीदार म्हणजे चार देशांचे खलाशी, जहाजाचा झेंडा पाचव्या देशाचा आणि तपास सहाव्या देशाच्या बंदरात. सात वर्षं काही ठावठिकाणा लागला नाही तर आपला कायदा माणूस मेला असं गृहीत धरू देतो. परंपरा बारा वर्षं वाट पाहायला सांगते आणि मग पळसाच्या पानांची आकृती करून पालाशविधी करायला लावते. म्हणजे पाच वर्षं अशी की कागदावर तो गेलेला असतो आणि देवघरासमोर तो जिवंत असतो. विम्याचे पैसे घ्यायचे का? सुनेने दुसरं लग्न करायचं का? त्या पाच वर्षांतच एखादा बाप त्या बंदराला जायचं ठरवतो. हातात मुलाचा शेवटचा फोटो, खिशात एजंटचा जुना नंबर, इंग्रजी मोडकंतोडकं, तिथली भाषा शून्य. त्याला शोधायचं आहे ते सत्य की फक्त मुलाचं शरीर, हे त्याचं त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही.